तीस सेकंदांचा आरोप आणि त्याचे उत्तर

अमेरिकन काँग्रेसच्या निवडणुकांत नकारात्मक जाहिरातींचा सामना कसा केला जातो?

२००६ च्या ऑक्टोबर महिन्यातील गोष्ट. न्यूयॉर्क राज्याच्या चोविसाव्या मतदारसंघात अमेरिकन प्रतिनिधिगृहाची एक जागा रिकामी होत होती. डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार मायकेल आर्कुरी हे ओनायडा काउंटीचे जिल्हा सरकारी वकील होते. मतदानाला काही आठवडे उरले असताना त्यांच्याविरुद्ध एक जाहिरात तयार झाली. सरकारी कामासाठी आर्कुरी हॉटेलात उतरले असताना त्यांच्या खोलीतून एका अश्लील दूरध्वनी सेवेला फोन गेला आणि त्याचे पैसे करदात्यांच्या खिशातून भरले गेले, असा त्या जाहिरातीचा आशय होता.

बिल खरे होते आणि फोनही खरोखरच झाला होता. मात्र बिलाची रक्कम होती अवघा सव्वा डॉलर. त्याच बिलातली पुढची नोंद मिनिटभरानंतरची होती आणि तो फोन राज्याच्या गुन्हेगारी न्याय विभागाला लागला होता. दोन्ही क्रमांकांचे शेवटचे सात आकडे सारखे होते. फरक होता तो फक्त सुरुवातीच्या तीन आकड्यांत. फोन लावणाऱ्या सहकाऱ्याकडून चुकीचा क्रमांक फिरवला गेला होता आणि चूक लक्षात येताच त्याने योग्य क्रमांक लावला होता. आर्कुरी यांच्या प्रचार यंत्रणेने दूरध्वनीच्या या नोंदी पत्रकारांपुढे ठेवल्या. त्या भागातील अनेक दूरचित्रवाणी केंद्रांनी जाहिरात दाखवण्यास नकार दिला. आर्कुरी सुमारे नऊ टक्के मतांच्या फरकाने निवडून आले.

अमेरिकेत दर दोन वर्षांनी प्रतिनिधिगृहाच्या सर्व ४३५ आणि सिनेटच्या सुमारे एक तृतीयांश जागांसाठी निवडणूक होते. या निवडणुकांत अशा जाहिरातींचा मारा ठरलेलाच असतो. आर्कुरी यांना तो परतवता आला, कारण जाहिरात कोणाची आहे, आरोपातला नेमका भाग कोणता खोटा आहे आणि त्याला पुरावा काय, या तीन प्रश्नांची उत्तरे त्यांच्याकडे वेळेत तयार होती. ज्या उमेदवारांकडे ती नसतात, त्यांची बाजू खरी असली तरी निवडणूक हातची जाऊ शकते.

नकारात्मक जाहिरात म्हणजे काय?

प्रतिस्पर्ध्यावर टीका करणारी प्रत्येक जाहिरात बदनामीची नसते. अभ्यासक साधारणपणे तीन प्रकार करतात. केवळ स्वतःची महती सांगणारी जाहिरात सकारात्मक. स्वतःची आणि प्रतिस्पर्ध्याची भूमिका शेजारी शेजारी मांडणारी तुलनात्मक. आणि सर्व वेळ प्रतिस्पर्ध्यावरच खर्च करणारी ती नकारात्मक. प्रतिस्पर्ध्याने सभागृहात कोणत्या विधेयकावर कसे मत दिले, हे दाखवणारी जाहिरात नकारात्मक असूनही मतदाराच्या उपयोगाची असू शकते. राज्यशास्त्राचे अभ्यासक जॉन गीअर यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हीच बाजू मांडली. स्वस्तुतीच्या जाहिरातींपेक्षा टीकेच्या जाहिरातींत मुद्दे अधिक नेमके असतात आणि त्यांना पुराव्याचा आधार देण्याची गरज अधिक भासते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

म्हणूनच उत्तर देणाऱ्याने प्रथम हे ठरवावे लागते की, समोर आलेली टीका धोरणावरची आहे की चारित्र्यावरची, आणि तिच्यात सत्याचा अंश किती आहे. साफ खोट्या जाहिराती कमीच असतात. बहुतेक जाहिरातींत एखादा खरा कागद, खरे मतदान किंवा खरे वाक्य असते. त्याचा संदर्भ तेवढा कापलेला असतो. निव्वळ असत्यापेक्षा हे अर्धसत्य खोडून काढणे कितीतरी अवघड जाते.

मौनाची किंमत

नकारात्मक प्रचार ही दूरचित्रवाणीची देणगी नव्हे. १९५० मध्ये मेरीलँड राज्यात सिनेटर मिलार्ड टायडिंग्ज यांच्याविरुद्ध वाटलेल्या प्रचारपत्रात अमेरिकन कम्युनिस्ट पक्षाचे माजी नेते अर्ल ब्राउडर यांच्याबरोबर ते गप्पा मारत असल्याचा भास निर्माण करणारे छायाचित्र होते. दोन वेगळी छायाचित्रे जोडून ते तयार केले होते. टायडिंग्ज पराभूत झाले. पुढच्या वर्षी सिनेटच्या उपसमितीने या प्रचाराचा निषेध केला, पण निकाल बदलणार नव्हता. खोटे उघडे पडण्याची वेळ मतदानाच्या आधी यावी लागते, हा त्यातला धडा.

१९८४ मध्ये केंटकी राज्यात सिनेटर डी हडलस्टन यांच्यावर त्यांचे प्रतिस्पर्धी मिच मॅकॉनेल यांनी एक गमतीदार जाहिरात सोडली. शिकारी कुत्र्यांचा जथा घेऊन एक माणूस रानावनांत आणि समुद्रकिनाऱ्यावर सिनेटरांचा माग काढत फिरतो आहे, असे तिचे दृश्य होते. पैसे घेऊन भाषणे देण्यासाठी हडलस्टन सभागृहातील मतदान चुकवतात, हा आरोप. त्यांची एकूण हजेरी प्रत्यक्षात चांगली होती. पण लोक त्या जाहिरातीवर हसले आणि हसता हसता तो आरोप त्यांच्या लक्षात राहिला. मॅकॉनेल सुमारे पाच हजार मतांनी निवडून आले. पुढे ते सिनेटमधील रिपब्लिकन पक्षाचे सर्वाधिक काळचे नेते ठरले.

मौनाची सर्वांत गाजलेली उदाहरणे मात्र अध्यक्षीय निवडणुकांतली आहेत. १९८८ मध्ये मायकेल डुकाकिस यांनी गुन्हेगारीच्या मुद्द्यावरील हल्ल्यांना वेळेवर उत्तर दिले नाही आणि ती आपली मोठी चूक होती, असे त्यांनीच नंतर मान्य केले. त्यानंतरच्या, म्हणजे १९९२ च्या निवडणुकीत बिल क्लिंटन यांच्या यंत्रणेने आर्कान्सामधील लिटल रॉक येथे 'वॉर रूम' उभारली. कोणत्याही आरोपाला त्याच दिवशीच्या बातम्यांत उत्तर गेले पाहिजे, हा तिचा दंडक होता. तरीही २००४ मध्ये जॉन केरी यांच्या व्हिएतनाममधील नौदल सेवेवर शंका घेणाऱ्या जाहिराती ऑगस्टच्या सुरुवातीला झळकल्या आणि केरी यांनी त्यांचा थेट प्रतिवाद केला तो १९ ऑगस्टला. हे जवळजवळ दोन आठवडे त्यांना महागात पडले, असे पुढे त्यांच्याच पक्षात मानले गेले. 'मौनं संमतिलक्षणम्' हे वचन प्रचारात अक्षरशः लागू पडते.

कायदा काय म्हणतो?

भारतीय वाचकाला पहिला प्रश्न पडतो तो असा की, खोटी जाहिरात थांबवण्यासाठी निवडणूक आयोगाकडे का जात नाहीत? भारतात २००४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर दूरचित्रवाणीवरील राजकीय जाहिरातींना पूर्वप्रमाणपत्र लागते. उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल जाणूनबुजून खोटे विधान करणे हे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ (४) नुसार भ्रष्ट आचरण ठरते आणि त्यावरून निवडून आलेल्याची निवड रद्द होऊ शकते.

अमेरिकेत अशी व्यवस्था नाही. तिथे घटनेच्या पहिल्या दुरुस्तीने दिलेले अभिव्यक्तिस्वातंत्र्य राजकीय भाषणाला सर्वाधिक संरक्षण देते. १९३४ च्या दळणवळण कायद्याचे कलम ३१५ तर याहून पुढे जाते. उमेदवाराने स्वतः दिलेल्या जाहिरातीत आकाशवाणी किंवा दूरचित्रवाणी केंद्राला काटछाट करता येत नाही. ती खोटी आहे हे ठाऊक असले तरी नाही. त्याच्या बदल्यात १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्रांना अशा जाहिरातींतील बदनामीच्या दायित्वातून मुक्त केले.

मात्र हे बंधन केवळ उमेदवाराच्या जाहिरातींपुरते आहे. राजकीय पक्षांच्या समित्या आणि बाहेरचे गट यांच्या जाहिराती नाकारण्याचा अधिकार केंद्रांना असतो आणि त्यांतील बदनामीबद्दल केंद्रांना जबाबदारही धरता येते. आर्कुरी यांच्याविरुद्धची जाहिरात रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्रीय काँग्रेस समितीची होती. म्हणूनच केंद्रे ती नाकारू शकली. २०१० मधील न्यायालयीन निर्णयांनंतर अमर्याद देणग्या घेणाऱ्या 'सुपर पॅक' गटांचा उदय झाला आणि काँग्रेसच्या निवडणुकांतील बऱ्याचशा कठोर जाहिराती बाहेरच्या गटांकडून येऊ लागल्या. त्यामुळे जाहिरात कोणाची आहे, हे पाहणे अधिकच महत्त्वाचे झाले. गटाची असेल तर उमेदवाराचे वकील पुराव्यांसह केंद्राला पत्र पाठवून ती मागे घेण्याची मागणी करतात. उमेदवाराची असेल तर ही वाट बंदच असते आणि उत्तर द्यायचे ते जनतेपुढेच.

बदनामीचा दावा लावणे हा उपाय कागदावर आहे. पण १९६४ च्या न्यूयॉर्क टाइम्स विरुद्ध सलिव्हन या निकालानंतर सार्वजनिक पदावरील व्यक्तीला केवळ असत्य सिद्ध करून भागत नाही. विधान खोटे आहे हे माहीत असताना किंवा सत्यासत्याची बेफिकिरी बाळगून ते केले, हेही दाखवावे लागते. शिवाय न्यायालयाचा निकाल येईपर्यंत निवडणूक केव्हाच संपलेली असते.

ओहायो राज्यातील सिनसिनाटीचे प्रतिनिधी स्टीव्ह ड्रीहाउस यांचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. २०१० मध्ये गर्भपातविरोधी 'सुझन बी. अँथनी लिस्ट' या संघटनेने, त्यांनी करदात्यांच्या पैशातून गर्भपाताच्या बाजूने मत दिल्याचा फलक लावण्याचे ठरवले. आधार होता आरोग्यविमा सुधारणा कायद्याच्या बाजूने दिलेल्या त्यांच्या मताचा. स्वतः गर्भपाताचे विरोधक असलेल्या ड्रीहाउस यांना हा अर्थ मान्य नव्हता. त्यांच्या वकिलाच्या इशाऱ्यानंतर फलकाच्या कंपनीने माघार घेतली आणि त्यांनी ओहायोच्या निवडणूक आयोगाकडे तक्रारही केली, कारण निवडणुकीतील खोटी विधाने त्या राज्यात गुन्हा होती. पण ड्रीहाउस निवडणूक हरले. त्यांचा बदनामीचा दावाही टिकला नाही. उलट संघटनेने त्या कायद्यालाच आव्हान दिले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हे आव्हान ऐकून घेण्याची वाट मोकळी केली आणि २०१६ मध्ये संघीय अपील न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. फलक थांबला, पण आरोपाची चर्चा वाढली आणि कायदाही गेला.

प्रतिबंधाचा आणखी एक प्रयत्न २००२ च्या निवडणूक वित्त सुधारणा कायद्याने केला. तेव्हापासून संघीय पदाच्या उमेदवाराला आपल्या जाहिरातीत, या संदेशाला आपली मान्यता आहे, असे स्वतःच्या आवाजात सांगावे लागते. स्वतःच्या तोंडाने चिखलफेक करण्यास उमेदवार कचरतील, अशी अपेक्षा होती. काही अंशी ती खरी ठरली. पण मग कठोर भाषा बाहेरच्या गटांच्या तोंडी गेली. २००६ मध्ये टेनेसीतील सिनेटच्या निवडणुकीत हॅरल्ड फोर्ड या कृष्णवर्णीय उमेदवाराविरुद्ध आलेल्या जाहिरातीत एक गोरी तरुणी 'मला फोन कर' असे लाडिकपणे म्हणताना दाखवली होती. वर्णद्वेषाच्या छटेमुळे देशभर गदारोळ झाला. जाहिरात रिपब्लिकन राष्ट्रीय समितीची होती. पक्षाचे उमेदवार बॉब कॉर्कर यांनीही ती मागे घेण्याची मागणी केली, पण स्वतंत्र खर्चाच्या नियमांमुळे ती आपल्या अखत्यारीत नाही, ही त्यांची भूमिका होती. कॉर्कर सुमारे तीन टक्क्यांनी विजयी झाले.

उत्तर द्यावे की दुर्लक्ष करावे?

प्रत्येक आरोपाला उत्तर देणे हेही शहाणपणाचे नसते. ज्या आरोपाची जाहिरात चार वेळा दाखवून संपली, तिला उत्तर देऊन आपणच तिला घरोघरी पोहोचवण्याचा धोका असतो. म्हणून जाहिरातीमागे किती पैसा लागला आहे, हे आधी तपासले जाते. राजकीय जाहिरातींच्या खरेदीची नोंद दूरचित्रवाणी केंद्रांना सार्वजनिक दप्तरात ठेवावी लागते. मोठ्या शहरांतील प्रमुख केंद्रांसाठी २०१२ पासून आणि सर्व दूरचित्रवाणी केंद्रांसाठी २०१४ पासून हे दप्तर इंटरनेटवर उपलब्ध झाले. प्रतिस्पर्ध्याने किंवा त्याच्या पाठीराख्या गटाने कोणत्या आठवड्यात किती वेळ विकत घेतला, याचा अंदाज त्यावरून येतो. किरकोळ खरेदी असेल तर दुर्लक्ष. मोठी असेल तर उत्तर अटळ.

दुसरी बाब पैशाच्या दराची. प्राथमिक निवडणुकीआधीचे ४५ दिवस आणि मुख्य निवडणुकीआधीचे ६० दिवस उमेदवारांना केंद्राचा सर्वांत कमी दर मिळतो. बाहेरच्या गटांना ही सवलत नसते. म्हणजे त्या काळात उमेदवाराचा एक डॉलर गटाच्या एका डॉलरपेक्षा अधिक वेळ विकत घेतो. अनुभवी यंत्रणा शेवटच्या पंधरवड्यासाठी काही रक्कम राखून ठेवतात ती याच हिशेबाने. उशिरा आलेल्या हल्ल्याला उत्तर द्यायला तिजोरीत काही नसणे, यासारखी दुसरी नामुष्की नाही.

उत्तराचे प्रकार

पहिला प्रकार पुराव्याचा. आरोप वस्तुस्थितीवर आधारलेला आणि सिद्धपणे चुकीचा असेल तर कागद दाखवावा आणि थांबावे. आर्कुरी यांनी हेच केले. पुरावा सामान्य माणसाला एका वाक्यात समजण्याजोगा असावा. शेवटचे सात आकडे सारखे, हे समजायला कायद्याचे ज्ञान लागत नाही.

दुसरा प्रकार स्वतःच्या तोंडाने, सरळ डोळ्यांत पाहून बोलण्याचा. २००८ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील सिनेटर एलिझाबेथ डोल यांच्या जाहिरातीने प्रतिस्पर्धी के हेगन यांचा संबंध नास्तिकांच्या एका राजकीय गटाशी जोडला. शेवटी हेगन यांच्या छायाचित्रावर 'देव नाही' असे म्हणणाऱ्या एका स्त्रीचा आवाज ऐकवला; तो आवाज हेगन यांचा नव्हता. हेगन यांनी तातडीने उत्तराची जाहिरात काढली. आपली देवावर श्रद्धा आहे, आपण चर्चमध्ये रविवारच्या शाळेत मुलांना शिकवले आहे, असे सांगून, प्रचार रोजगार आणि अर्थव्यवस्थेबद्दल आहे, खोटी साक्ष देण्याबद्दल नाही, याकडे त्यांनी लक्ष वळवले. बायबलच्या दहा आज्ञांपैकी एक त्यांनी प्रतिस्पर्ध्यावरच उलटवली होती. त्यांनी बदनामीचा दावाही दाखल केला आणि निवडणुकीनंतर तो मागे घेतला. हेगन सुमारे साडेआठ टक्क्यांनी जिंकल्या. त्या वर्षीचे वारे डेमोक्रॅटिक पक्षाच्या बाजूने होते, हेही ध्यानात ठेवायला हवे. पण उत्तराची ही घडण अनेकांनी पुढे अभ्यासली.

तिसरा प्रकार हल्ल्याआधीच त्याची धार बोथट करण्याचा. १९९२ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी दोन श्रीमंत प्रतिस्पर्धी एकमेकांवर चिखल उडवत होते. तिसरे उमेदवार रस फाइनगोल्ड यांनी घरगुती चित्रफितीसारख्या साध्या जाहिराती केल्या. एकीत त्यांनी कपाट उघडून आत काही लपवलेले नाही, हे दाखवले. एल्व्हिस प्रिस्लीने आपल्याला पाठिंबा दिल्याची थट्टेखोर 'बातमी' त्यांनी दुसऱ्या एका जाहिरातीत झळकवली आणि बातम्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, हे त्यातून सुचवले. सुमारे ७० टक्के मते घेऊन त्यांनी उमेदवारी मिळवली आणि नोव्हेंबरमध्ये विद्यमान सिनेटरांचाही पराभव केला. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात, तो असा.

याच दूरदृष्टीमुळे प्रचार सुरू होण्याआधी उमेदवार स्वतःविरुद्धच चौकशी करवून घेतात. जुनी मतदाने, करभरणा, न्यायालयीन नोंदी, वर्षांपूर्वीची भाषणे यांतून प्रतिस्पर्ध्याला काय सापडेल, याची यादी करून प्रत्येकाचे उत्तर आधीच लिहून ठेवले जाते. आरोपात तथ्य असेल तर तो प्रथम स्वतःच, स्वतःच्या शब्दांत सांगणे अधिक हिताचे ठरते.

फसलेली उत्तरे

आरोपाचा पुनरुच्चार ही सर्वांत नेहमीची चूक. २०१० मध्ये डेलावेअरमधील सिनेटच्या उमेदवार क्रिस्टीन ओडॉनेल यांची एक जुनी चित्रफीत बाहेर आली. तरुणपणी चेटकाचा नाद केल्याचे त्यांनी त्यात म्हटले होते. उत्तरादाखल त्यांनी केलेल्या जाहिरातीचे पहिलेच वाक्य होते, 'मी चेटकीण नाही.' पुढे त्या काय म्हणाल्या हे कोणाच्या लक्षात राहिले नाही. तेवढे एक वाक्य देशभर विनोदाचा विषय झाले. त्या मोठ्या फरकाने हरल्या. नकारार्थी वाक्यातला 'नाही' विरून जातो आणि आरोपाचा शब्द उरतो. म्हणूनच सत्य प्रथम सांगावे, आरोपाचा उल्लेख मध्ये ओझरता करावा आणि पुन्हा सत्यावरच यावे, असा सल्ला भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज लेकॉफ यांनी दिला आहे.

दुसरी चूक म्हणजे केवळ संतापावर विसंबणे. जॉर्जियाचे सिनेटर मॅक्स क्लीलंड यांनी व्हिएतनाम युद्धात दोन्ही पाय आणि एक हात गमावला होता. २००२ मध्ये सॅक्सबी चँब्लिस यांच्या जाहिरातीत ओसामा बिन लादेन आणि सद्दाम हुसेन यांच्या छायाचित्रांनंतर क्लीलंड यांचे अंतर्गत सुरक्षा विभागाबाबतचे मतदान दाखवले गेले. जॉन मॅकेन आणि चक हेगल या रिपब्लिकन सिनेटरांनीही तिचा निषेध केला. पण क्लीलंड यांचा आक्षेप त्या विभागातील कर्मचाऱ्यांच्या हक्कांबद्दल होता, सुरक्षेबद्दल नव्हता, हा साधा खुलासा जाहिरातीइतक्या जोराने मतदारांपर्यंत गेला नाही. ते सुमारे सात टक्क्यांनी हरले. जाहिरात अन्याय्य आहे, हे लोकांना पटूनही मूळ प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही तर शंका उरते.

हल्लेखोरावर उलटणारा हल्ला

टीका करणाऱ्यालाही जोखीम असते. २०१० मध्ये फ्लोरिडाच्या आठव्या मतदारसंघात प्रतिनिधी ॲलन ग्रेसन यांनी प्रतिस्पर्धी डॅनियल वेबस्टर यांना तालिबानची उपमा देणारी जाहिरात काढली. पत्नीने पतीच्या आज्ञेत राहावे, असे वेबस्टर म्हणत असल्याचे तीत दिसत होते. 'फॅक्टचेक डॉट ऑर्ग' या २००३ पासून चालणाऱ्या तथ्यतपासणी उपक्रमाने मूळ भाषण पाहिले. बायबलमधील ती वचने पतींनी निवडू नयेत, असेच वेबस्टर सांगत होते. संपादनात अर्थ नेमका उलटा झाला होता. वेबस्टर यांना मोठे उत्तर देण्याची गरजच उरली नाही. ५६ विरुद्ध ३८ टक्के, असा निकाल लागला. त्याच वर्षी केंटकीत रँड पॉल यांच्या महाविद्यालयीन दिवसांवरून त्यांच्या धर्मश्रद्धेवर शंका घेणारी जॅक कॉनवे यांची जाहिरातही त्यांच्यावरच उलटली. वादसभेनंतर पॉल यांनी हस्तांदोलन नाकारले आणि सुमारे ५६ टक्के मते मिळवली.

संशोधनही याला दुजोरा देते. रिचर्ड लाउ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये शंभरहून अधिक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. नकारात्मक जाहिराती अधिक लक्षात राहतात, पण त्या हमखास मते मिळवून देतात, याला पुरावा त्यांना आढळला नाही. मग त्या का केल्या जातात? अटीतटीच्या लढतीत दोन टक्के मतेही निर्णायक ठरतात आणि न केल्यास आपणच मागे पडू, ही भीती दोन्ही बाजूंना असते.

नाव आणि वंशाचा मुद्दा

स्थलांतरित कुटुंबांतील उमेदवारांवर होणाऱ्या टीकेला बरेचदा 'परका' या शब्दाची किनार असते. २०१८ मध्ये टेक्सासच्या बाविसाव्या मतदारसंघात श्री प्रेस्टन कुलकर्णी यांचा उल्लेख त्यांचे प्रतिस्पर्धी, तत्कालीन प्रतिनिधी पीट ऑल्सन यांनी 'इंडो-अमेरिकन' आणि बाहेरून आलेला उपरा, असा केला. वडिलांकडून भारतीय असलेले कुलकर्णी आईकडून टेक्सास प्रजासत्ताकाचे पहिले निर्वाचित अध्यक्ष सॅम ह्यूस्टन यांच्या घराण्याशी नाते सांगत. उपरेपणाच्या आरोपाला याहून मार्मिक उत्तर मिळणे कठीण. ते सुमारे पाच टक्क्यांनी हरले, तरी रिपब्लिकनांचा बालेकिल्ला समजल्या जाणाऱ्या जागेवर लढत अटीतटीची झाली. मूळचे बेळगावचे श्री ठाणेदार २०२२ मध्ये डेट्रॉइट परिसरातून प्रतिनिधिगृहात पोहोचले. त्यांनाही त्याआधी, २०१८ च्या गव्हर्नरपदाच्या प्राथमिक निवडणुकीत, आपल्या बंद पडलेल्या जुन्या कंपनीबद्दलच्या प्रश्नांना तोंड द्यावे लागले होते. एकदा बाहेर आलेला विषय पुढच्या निवडणुकीतही पाठ सोडत नाही. म्हणून त्याचे उत्तर कायम हाताशी ठेवावे लागते.

नव्या साधनांचे आव्हान

कलम ३१५ आणि केंद्रांचे सार्वजनिक दप्तर ही व्यवस्था प्रसारण केंद्रांसाठी आहे. समाजमाध्यमांवरील जाहिराती तिच्या कक्षेत येत नाहीत. तिथे त्या त्या कंपनीचे धोरण चालते. ठरावीक मतदारांनाच दिसणारी जाहिरात प्रतिस्पर्ध्याला दिसेलच, असे नाही. त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये रिपब्लिकन पक्षाच्या सिनेट समितीने डेमोक्रॅटिक नेते चक शूमर यांची संगणकनिर्मित चित्रफीत प्रसृत केली. त्यातील वाक्य त्यांनी एका मुलाखतीत दिलेले खरे होते. पण ते बोलतानाचे दृश्य मात्र बनावट होते. टायडिंग्ज यांच्या जोडलेल्या छायाचित्राची आठवण यावी, असाच हा प्रकार. फरक इतकाच की, तेव्हा कात्री आणि डिंक लागत असे.

साधने बदलली तरी उत्तराची सूत्रे फारशी बदललेली नाहीत. आपल्याविरुद्ध काय निघू शकते, हे आधी स्वतः शोधावे. जाहिरात कोणाची आणि किती पैशांची, हे पाहून मगच उत्तर द्यायचे की नाही, ते ठरवावे. द्यायचे तर दिवसभरात द्यावे, एका वाक्यात समजेल असा पुरावा द्यावा, आरोपाचे शब्द स्वतःच्या तोंडी घेऊ नयेत आणि शेवट आपल्या मुद्द्यावर करावा.

अमेरिकन कायद्याने खऱ्याखोट्याचा निवाडा सरकारकडे दिलेला नाही. तो मतदारावर सोडला आहे. हा विश्वास मोठा आहे आणि त्याची जबाबदारीही तितकीच मोठी. बदनामी झालेला उमेदवार गप्प बसला तर मतदारापुढे एकच बाजू उरते आणि निवाडा एकतर्फी होतो. आर्कुरी यांच्या हॉटेलच्या बिलावरील ती दुसरी नोंद कोणी वेळेत दाखवली नसती, तर सव्वा डॉलरचा एक चुकीचा फोन त्या मतदारसंघाचा प्रतिनिधी ठरवून गेला असता.